अतितप्त वाफेचे पहिले एंजिन

१८९८ साली जर्मनीतील दोन कारखान्यांतून आगगाडीची दोन एंजिने बाहेर पडली. एक श्टेटिन येथील व्हल्कन कारखान्याने बांधले होते, दुसरे कासेल येथील हेन्शेल कारखान्याने. (श्टेटिन हे शहर आता पोलंडमध्ये असून श्चेचिन या नावाने ओळखले जाते.) प्रशियाच्या राज्य रेल्वेच्या त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे विभागाचे नाव आणि क्रमांक मिळून त्यांची ओळख ठरली : 'हानोव्हर ७४' आणि 'कासेल १३१'. फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाला त्यांत नवल वाटावे असे काही दिसले नसते. पुढे चार लहान मार्गदर्शक चाके, मागे चार मोठी चालक चाके, धुराडे, बाष्पित्र, चालकाची खोली. सारे काही नेहमीसारखेच होते. नवे जे होते ते बाष्पित्राच्या पोटात दडलेले होते. सत्तर वर्षे रूळांवर धावणाऱ्या एंजिनांनी जी वाफ वापरली, त्याहून वेगळ्या प्रकारची वाफ ही दोन एंजिने वापरीत होती. तिला अतितप्त वाफ म्हणतात.

वाफ म्हणजे वाफ. तिच्यात प्रकार कसले, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून एंजिनाकडे वळण्यापूर्वी वाफेचा स्वभाव थोडा समजून घेऊ.

ओली वाफ आणि कोरडी वाफ

चुलीवरच्या पातेल्यातील पाणी १००° से. तापमानाला उकळू लागले की, खाली कितीही जाळ घातला तरी त्याचे तापमान वाढत नाही. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पातेल्याऐवजी बंद बाष्पित्र असेल, तर आत दाब वाढतो आणि दाबाबरोबर उकळण्याचे तापमानही वाढते. दर चौरस सेंटिमीटरला १२ किलोग्रॅम हा त्या काळच्या एंजिनांचा नेहमीचा दाब होता. त्या दाबाला पाणी सुमारे १९१° से. तापमानास उकळते. जोवर वाफ पाण्याच्या सान्निध्यात आहे, तोवर ती पाण्याइतकीच तापलेली राहते. तिला संपृक्त वाफ म्हणतात. तिची अवस्था काठोकाठ भरलेल्या भांड्यासारखी असते. जरासा धक्का लागला तरी भांड्यातून पाणी सांडते. तसेच जराशी उष्णता हरवली तरी संपृक्त वाफेतून पाण्याचे थेंब सुटतात.

हवेतील बाष्पाच्या उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. चेन्नई शहराच्या दक्षिण भागात अड्यार नदी समुद्राला मिळते. नदीच्या मुखापाशी वसलेल्या अड्यार या वस्तीत हवा बहुतेक दिवस दमट असते. तेथे थंड पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला, तर क्षणार्धात त्याला बाहेरून घाम फुटतो. हवेत बाष्प जवळजवळ काठोकाठ असते आणि तांब्याच्या थंड अंगाला लागताच ते निथळू लागते. तोच तांब्या वैशाखातल्या दुपारी सोलापुरात ठेवला, तर तो कोरडाच राहण्याचा संभव अधिक. त्या हवेत बाष्प मुळीच नसते असे नव्हे. पण त्याचे पाणी होण्यासाठी हवा आणखी पुष्कळ थंड व्हावी लागते. संपृक्त वाफ आणि अतितप्त वाफ यांतील फरक असाच आहे.

बाष्पित्रातून बाहेर पडलेली वाफ पाण्यापासून दूर नेऊन, दाब तोच ठेवून, पुन्हा तापविली म्हणजे ती अतितप्त होते. ती ३००° किंवा ३५०° से. पर्यंत तापविता येते. अशा वाफेने शंभर अंशांहून अधिक उष्णता गमावली, तरी तिचे पाणी होत नाही. शिवाय ती फुगते. आकडेच पाहू. ३०° से. तापमानाच्या एक किलोग्रॅम पाण्याची वर सांगितलेल्या दाबाला संपृक्त वाफ करण्यास सुमारे ६३५ किलोकॅलरी उष्णता लागते आणि ती वाफ सुमारे १५० लिटर जागा व्यापते. तीच वाफ ३५०° से. पर्यंत तापविण्यास आणखी ८५ ते ९० किलोकॅलरी पुरतात. पण आता ती सुमारे २१५ लिटर जागा व्यापते. म्हणजे उष्णतेचा खर्च सुमारे १४ टक्क्यांनी वाढला आणि आकारमान ४० टक्क्यांहून अधिक वाढले. सिलिंडर दर खेपेस ठरावीक आकारमानाची वाफ घेत असल्यामुळे तेवढेच काम आता कमी पाण्यात होऊ शकते.

सिलिंडरातील चोर

तथापि अतितप्त वाफेचा मोठा लाभ वेगळाच आहे. तो समजण्यासाठी सिलिंडराच्या आत काय घडते ते पाहिले पाहिजे.

सिलिंडरात शिरलेली १९१° से. तापमानाची वाफ दट्ट्याला ढकलते. ढकलता ढकलता ती प्रसरण पावते, तिचा दाब उतरतो आणि ती थंड होते. शेवटी शंभर अंशांहून थोड्याशाच अधिक तापमानाला ती धुराड्यातून 'भक्' असा आवाज करीत बाहेर पडते. जाताना ती सिलिंडराची भिंतही थंड करून जाते. लगेच पुढच्या खेपेची ताजी वाफ या थंड भिंतीला येऊन भिडते आणि तिचा बराच भाग तेथेच पाणी होऊन बसतो. सुमारे दोन मीटर व्यासाच्या चाकांचे एंजिन ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर हा प्रकार सिलिंडराच्या प्रत्येक टोकाला सेकंदातून चार वेळांहून अधिक घडतो. कोळसा जाळून, पाणी उकळून, दाब चढवून जी वाफ तयार केली, तिचा पाचवा हिस्सा, कधी कधी तिसरा हिस्साही, दट्ट्याला हात न लावताच पाणी होतो. सिलिंडरात बसलेला हा चोर बाहेरून दिसत नाही; कोळशाच्या हिशेबात मात्र त्याची चोरी रोज उमटते.

या चोराला आवरण्याचा एक मार्ग संयुक्त एंजिनाचा होता. त्यात वाफ आधी एका लहान सिलिंडरात थोडी प्रसरण पावते आणि मग दुसऱ्या मोठ्या सिलिंडरात उरलेले काम करते. प्रत्येक सिलिंडरातील तापमानाचा चढउतार त्यामुळे कमी होतो. हानोव्हरचे आउगुस्ट फॉन बोरीस यांनी १८८० पासून अशी एंजिने प्रशियाच्या रेल्वेवर आणली होती आणि त्यांचा चांगलाच बोलबाला झाला होता. दुसरा मार्ग वाफच इतकी तापविण्याचा, की थंड भिंतीला भिडूनही तिचे पाणी होऊ नये. हा मार्ग बोलायला सोपा होता.

चाळीस वर्षे पडून राहिलेले ज्ञान

अतितप्त वाफेची कल्पना १८९८ मध्ये नवी नव्हती. आगगाडीच्या एंजिनाचे आद्य जनक रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी १८२८ च्या सुमारास कॉर्नवॉलमधील बिनर डाउन्स येथील खाणीच्या एंजिनाभोवती विटांचे बांधकाम करून त्याला बाहेरून धग दिली होती आणि कोळशाची बचत होते असे पाहिले होते. आल्सेसमधील कोल्मारजवळचे गुस्ताव्ह-आडॉल्फ हिर्न यांनी १८५० नंतरच्या दशकात गिरण्यांच्या एंजिनांवर पद्धतशीर प्रयोग केले आणि अतितप्त वाफेने होणारा लाभ मोजून दाखविला. इंग्लंडमध्ये मॅक्कॉनेल यांनी त्याच दशकात रेल्वेच्या एंजिनाच्या धूमपेटीत वाफ तापविण्याची योजना करून पाहिली. विज्ञान असे तयार असताना त्याचा उपयोग रूळांवर होण्यास आणखी चाळीस वर्षे का लागली?

याचे उत्तर विज्ञानाच्या ग्रंथांत सापडत नाही. ते तेलाच्या डब्यात सापडते.

त्या काळी सिलिंडरात वंगण म्हणून प्राण्यांची चरबी किंवा वनस्पतींची तेले वापरीत. संपृक्त वाफेत ती कशीबशी टिकत, कारण ओल्या वाफेतील पाणीही थोडेफार वंगणाचे काम करी. वाफ ३००° से. वर गेली की ही तेले विघटित होत, जळून त्यांची काजळी होई आणि कोरड्या वाफेत पाण्याचा आधारही उरत नसे. त्या काळची वाफ आत-बाहेर सोडणारी झडप सपाट असे. तिच्या पाठीवर वाफेचा सगळा दाब येई आणि ती धातूवर धातू घासत सरके. कोरड्या, तापलेल्या वाफेत असे दोन पृष्ठभाग एकमेकांना ओरखडत आणि अखेर जखडून जात. दट्ट्याचा दांडा जेथून बाहेर येतो तेथे दोरा आणि चरबी यांचे बूच असे. तेही करपून जाई. म्हणून ज्या ज्या अभियंत्याने वाफ फार तापविली, त्या त्या अभियंत्याला ती पुन्हा थंड करावी लागली.

परिस्थिती बदलली ती हळूहळू आणि निरनिराळ्या दिशांनी. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे खनिज तेलाची विहीर लागली आणि पुढच्या तीस वर्षांत अधिक उष्णता सोसणारी खनिज वंगणे बाजारात आली. जोड नसलेल्या पोलादी नळ्या करण्याची कला विकसित झाली. या सर्व गोष्टी एकत्र आणून त्यांची मोट बांधणारा माणूस मात्र अजून यावयाचा होता.

कुलपे करणाऱ्या कारागिराचा शोध

व्हिल्हेल्म श्मिट यांचा जन्म १८५८ साली मध्य जर्मनीतील व्हेगेलेबेन या लहानशा गावी झाला. त्यांनी कुलपे व लोखंडी सामान करणाऱ्या कारागिराचे शिक्षण घेतले होते. विद्यापीठाची वाट त्यांनी चोखाळली नव्हती. पण यंत्र पाहून त्यातले दुखणे ओळखण्याची हातोटी त्यांच्यापाशी होती. कासेल येथे राहून त्यांनी आधी कारखान्यांतील स्थिर एंजिनांवर काम केले. इतर संशोधक वाफेचे तापमान थोडेसे वाढवून थांबत. श्मिट थांबले नाहीत. वाफ ३५०° से. पर्यंत नेल्याशिवाय खरा लाभ पदरात पडत नाही आणि ती तेथवर न्यावयाची तर सिलिंडर, झडप, दट्ट्या आणि वंगण ही सारी नव्याने घडविली पाहिजेत, ही त्यांच्या कामातील मुख्य गोष्ट होय. जुन्या एंजिनाला ठिगळ लावून काम भागणार नव्हते. जर्मनीत लोक त्यांना 'गरम वाफेचे श्मिट' या टोपणनावाने ओळखू लागले.

स्थिर एंजिनाला जागा भरपूर असते. आगगाडीच्या एंजिनाला ती नसते. रूळांची रुंदी, पुलांची उंची आणि चाकांवरील भार यांनी त्याचे आकारमान आधीच ठरवून टाकलेले असते; शिवाय ते सतत हादरत असते. तेथे हा प्रयोग करू देण्यास कोणी तरी अधिकारी तयार होणे आवश्यक होते. तो अधिकारी प्रशियाच्या रेल्वेतील रोबेर्ट गार्बे हा होता. गार्बे यांना साधेपणाची ओढ होती. संयुक्त एंजिनाच्या गुंतागुंतीपेक्षा दोनच सिलिंडरांचे साधे एंजिन आणि त्यात अतितप्त वाफ, हा त्यांचा आग्रह. फॉन बोरीस आणि त्यांचे अनुयायी या मताच्या विरुद्ध होते. हा वाद दोन अभियंत्यांच्या अभिमानापुरता नव्हता. राज्य रेल्वे दरवर्षी शेकडो एंजिने घेत असे. चुकीची निवड झाली असती, तर ती पुढची तीस वर्षे रूळांवरून धावत राहिली असती.

तीन प्रयत्न

'हानोव्हर ७४' आणि 'कासेल १३१' या दोन एंजिनांत अतितापकाची पहिली रचना होती. अतितापक म्हणजे वाफ पुन्हा तापविणारी नळ्यांची योजना. आगगाडीच्या बाष्पित्रात अग्निपेटीतील गरम वायू अनेक बारीक नळ्यांतून पुढे जातात, नळ्यांभोवतीचे पाणी उकळवितात आणि पुढच्या टोकाशी असलेल्या धूमपेटीत शिरून धुराड्यावाटे बाहेर पडतात. श्मिट यांनी या बारीक नळ्यांच्या खाली, बाष्पित्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, इतर नळ्यांच्या कितीतरी पट रुंद अशी एक नळी बसविली आणि तिच्यात वाफेच्या नळ्यांचा जुडगा ठेवला. अग्निपेटीतील ज्वाळा थेट या जुडग्यावर येत. वाफ तापली, एंजिने धावली, कोळशाची आणि पाण्याची बचत होते हे दिसून आले. परंतु एवढी रुंद नळी धगीने प्रसरण पावली की तिच्या दोन्ही टोकांच्या पत्र्यांवर भलताच ताण येई, सांधे गळू लागत आणि जुडग्यावर राख साचे.

दुसऱ्या रचनेत नळ्यांचा जुडगा पुढे धूमपेटीत नेला. रुंद नळीचे काम आता केवळ गरम वायू तेथवर पोहोचविण्याचे राहिले. वाफेच्या नळ्या धूमपेटीच्या आतल्या भिंतीला लागून वळविल्या होत्या. ही रचना पहिलीपेक्षा टिकाऊ ठरली आणि काही काळ वापरात राहिली. मात्र ती अवजड होती आणि तिने धूमपेटीतील बरीचशी जागा व्यापली होती.

तिसरी रचना सर्वांत साधी आणि म्हणून सर्वांत यशस्वी ठरली. एका फार मोठ्या नळीऐवजी बाष्पित्राच्या वरच्या भागात मध्यम रुंदीच्या वीस-पंचवीस नळ्या बसवावयाच्या. प्रत्येकीचा व्यास सुमारे १२ ते १३ सेंटिमीटर. त्या प्रत्येकीत वाफेची एक बारीक नळी मागे-पुढे वळवून ठेवावयाची. धूमपेटीत एक आडवी पेटी असते. तिच्या एका कप्प्यात बाष्पित्रातील ओली वाफ येते. तेथून ती बारीक नळ्यांत शिरते, धगीतून दोनदा जाऊन येते आणि दुसऱ्या कप्प्यात कोरडी होऊन परतते. तेथून थेट सिलिंडराकडे जाते. एखादी नळी खराब झाली तर तेवढीच काढून बदलता येते. बेल्जियमच्या राज्य रेल्वेवर ज्यां-बातिस्त फ्लाम यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी या रचनेचा अवलंब केला आणि मग तिचा प्रसार झपाट्याने झाला.

तथापि अतितापक ही या कथेची अर्धीच बाजू आहे. उरलेली अर्धी सिलिंडरात आहे. श्मिट आणि गार्बे यांनी सपाट झडप काढून टाकली आणि तिच्या जागी दंडगोलाकार, कड्या बसविलेली झडप आणली. तिच्यावर वाफेचा दाब सर्व बाजूंनी सारखाच येत असल्यामुळे ती हलकेच सरकते. चाकांच्या गतीवर चालणारा लहानसा पंप दर फेऱ्याला मोजके खनिज तेल सिलिंडरात सोडू लागला. दांड्याभोवती दोऱ्याऐवजी धातूच्या कड्यांचे बूच आले. चालकासमोर दाबाच्या मापकाबरोबर वाफेचे तापमान दाखविणारा मापकही बसविण्यात आला. चालकाला नव्या सवयी लावून घ्याव्या लागल्या. उतारावर वाफ बंद करून एंजिन नुसतेच घरंगळू दिले, तर फिरणारे दट्ट्ये धूमपेटीतील तप्त वायू व राख आत ओढून घेत आणि तेलाची काजळी होई. म्हणून उतारावरही थोडी वाफ सुरू ठेवणे किंवा खास झडपेवाटे हवा आत घेणे आवश्यक झाले.

परिणाम काय झाला? चांगल्या स्थितीतील अतितप्त एंजिनाला तेवढ्याच कामासाठी संपृक्त वाफेच्या साध्या एंजिनापेक्षा सुमारे पाचव्या ते चौथ्या हिश्शाने कमी कोळसा आणि सुमारे एक तृतीयांश कमी पाणी पुरू लागले. कोळसा टाकणाऱ्या माणसाच्या भाषेत सांगावयाचे, तर चार फावड्यांतले एक फावडे वाचले. ज्याने धगीसमोर उभे राहून तासन्‌तास कोळसा ओढला असेल, त्याला या एका फावड्याची किंमत कोणत्याही अभियंत्यापेक्षा अधिक कळेल.

प्रशियाने १९०२ ते १९०९ या काळात गार्बे यांच्या मताप्रमाणे 'एस ४' वर्गाची १०४ अतितप्त एंजिने बांधली. १९०६ मध्ये 'पी ८' वर्ग आला. साधेपणा आणि मजबुती यांमुळे त्याची सुमारे साडेतीन हजार एंजिने जर्मन रेल्वेसाठी बांधली गेली आणि त्यांतील काही १९७० नंतरही काही वर्षे धावत होती. कॅनडात १९०१ मध्ये या पद्धतीचे एंजिन धावू लागले. इंग्लंडमध्ये १९०६ साली ग्रेट वेस्टर्न रेल्वेने श्मिट यांचा अतितापक बसवून पाहिला. १९०९ मध्ये ब्रायटन आणि रग्बी यांदरम्यान एक अतितप्त आणि एक संपृक्त एंजिन आळीपाळीने चालविण्यात आले, तेव्हा अतितप्त एंजिनाने कोळशाच्या व पाण्याच्या खर्चात इतकी बाजी मारली की, प्रतिस्पर्धी रेल्वेलाही पुढच्याच वर्षी तोच मार्ग धरावा लागला. श्मिट १९२४ मध्ये निवर्तले, तेव्हा अतितापक नसलेले मोठे नवे एंजिन क्वचितच कोठे बांधले जात असेल.

भारतीय रूळांवर

भारतात रेल्वेचा प्रारंभ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर झाला; मद्रासमधील रायपुरम ते वालाजा हा मार्ग १८५६ च्या जुलैत खुला झाला. या मार्गांवरील एंजिने अर्थातच संपृक्त वाफेची होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील अभियांत्रिकी मानक समितीने भारतासाठी एंजिनांचे ठराविक नमुने आखून दिले. 'बेसा' या नावाने ते ओळखले जातात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या नमुन्यांत अतितापकाचा समावेश झाला आणि त्याची खूण एंजिनाच्या नावातच उमटली. 'एस. जी.' म्हणजे ठराविक नमुन्याचे मालगाडीचे एंजिन, 'एस. जी. एस.' म्हणजे तेच, पण अतितप्त वाफेचे. 'एच. पी. एस.' मधील शेवटचा 'एस' हाच अर्थ सांगतो. जुन्या संपृक्त एंजिनांना मागाहून अतितापक बसविला, तर त्यांना 'एस. जी. सी.' असे नाव मिळे. यातील 'सी' रूपांतराचा निदर्शक. ज्या वाचकांनी ही अक्षरे एंजिनाच्या कडेला रंगविलेली पाहिली असतील, त्यांना आता त्यांच्यामागील इतिहास लक्षात येईल.

भारतात या शोधाला युरोपापेक्षाही अधिक मोल होते, ते पाण्यामुळे. १९०८ मध्ये मद्रास रेल्वे आणि सदर्न मराठा रेल्वे एकत्र होऊन 'मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे' स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय मद्रासला होते आणि तिचे रूळ पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा या मार्गाने दक्षिणेकडे गेले होते. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांची दक्षिणेशी गाठ घालून देणारी हीच ती रेल्वे. अशा पठारी मुलुखातून जाणाऱ्या रेल्वेला ठरावीक अंतरावर एंजिनाला पाणी पाजावे लागे. उन्हाळ्यात विहिरी आटत, आणि जे पाणी मिळे ते अनेकदा क्षारयुक्त असे. ते उकळले की बाष्पित्रात क्षारांचा थर धरे, उष्णता अडे आणि नळ्या साफ करण्यासाठी एंजिन उभे ठेवावे लागे. पाणी एक तृतीयांशाने कमी लागले म्हणजे थांबे कमी, क्षार कमी आणि दुरुस्तीही कमी.

स्वातंत्र्यानंतर आलेले 'डब्ल्यू. पी.' हे बंदुकीच्या गोळीसारख्या निमुळत्या नाकाचे एंजिन अनेकांच्या स्मरणात असेल. त्याची पहिली एंजिने १९४७ मध्ये अमेरिकेतील बॉल्डविन कारखान्यातून आली आणि या वर्गाची एकूण ७५५ एंजिने बांधली गेली. त्याच्या बाष्पित्रातही श्मिट यांच्याच तिसऱ्या रचनेचा वंशज होता. चित्तरंजन येथील कारखान्याने १९५० ते १९७२ या काळात वाफेची २,३५१ एंजिने बांधली. १९९५ च्या डिसेंबरात रुंदमापी मार्गांवरील वाफेची नियमित वाहतूक थांबली. आज वाफेची एंजिने डोंगरी रेल्वेवर, संग्रहालयांत आणि प्रसंगविशेषी निघणाऱ्या गाड्यांना जोडलेली दिसतात.

रूळांवरून विद्युत्‌ केंद्रात

अतितप्त वाफेचा इतिहास तेथे संपला, असे मात्र समजू नये. अड्यारच्या उत्तरेला, शहराच्या दुसऱ्या टोकाशी अत्तिपट्टू येथे उत्तर चेन्नई औष्णिक विद्युत्‌ केंद्र आहे. १९९४ पासून तेथे कोळसा जाळून वीज निर्माण होत आहे. त्याच्या टर्बाइनात शिरणारी वाफ ५४०° से. च्या आसपास तापविलेली असते. टर्बाइनाची पाती प्रचंड वेगाने फिरतात आणि वाफेतील पाण्याचा बारीकसा थेंबही त्यांच्यावर गारेसारखा आदळून त्यांना झिजवितो. म्हणून तेथे वाफ कोरडी असणे ही केवळ काटकसरीची बाब राहत नाही. ते यंत्राच्या आयुष्याचे प्रमाण ठरते.

अड्यारच्या दक्षिणेला, समुद्रकिनाऱ्याने गेल्यास कल्पाक्कम लागते. तेथील मद्रास अणुविद्युत्‌ केंद्राचे पहिले एकक १९८४ मध्ये आणि दुसरे १९८६ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. जड पाण्यावर चालणाऱ्या या अणुभट्ट्यांत, इंधनाचे आणि जड पाण्याचे तापमान फार वाढविता येत नसल्यामुळे, टर्बाइनाला जवळजवळ संपृक्त वाफच पुरवावी लागते. जी अडचण गेल्या शतकाच्या आरंभी रेल्वेच्या एंजिनांतून दूर झाली, ती येथे नव्या रूपात पुन्हा उभी राहते. मग वाटेत वाफेतील पाणी वेगळे करणारी आणि तिला पुन्हा तापविणारी साधने बसवावी लागतात. त्याच कल्पाक्कम येथील ५०० मेगावॉट क्षमतेची द्रुत प्रजनक अणुभट्टी शीतक म्हणून द्रवरूप सोडियम वापरण्यासाठी आखली आहे. सोडियम पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तापविता येतो. म्हणून तेथील वाफ सुमारे ४९०° से. पर्यंत अतितप्त व्हावी अशी योजना आहे. एकाच किनाऱ्यावर, काही किलोमीटरांच्या अंतरात, ओल्या आणि कोरड्या वाफेचे हे जुने द्वंद्व आजही पाहावयास मिळते.

अड्यारलगतच्या वनराईत १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने भारतीय तंत्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तेथे काय किंवा पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत काय, यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हाती वाफेची कोष्टके येतातच. त्यांत एक भाग संपृक्त वाफेचा आणि दुसरा अतितप्त वाफेचा असतो. पहिल्या भागातून दुसऱ्या भागाकडे जाण्यास विद्यार्थ्याला एक पान उलटावे लागते. हिर्न यांच्या प्रयोगांपासून 'हानोव्हर ७४' पर्यंत तेच पान उलटण्यास चाळीस वर्षे लागली. कारण मध्ये तेल हवे होते, नळ्या हव्या होत्या, वेगळी झडप हवी होती, आणि या साऱ्यांची एकमेकांशी सांगड घालणारा एक कारागीर हवा होता.